जस्ताच्या धुराशी वैर

आमच्या भोपाळच्या आनंद नगरात जस्ती पाइपाचं काम काढलं की घरच्या बाईनं आधी दुधाची सोय करायची, असा रिवाज होता. तो कुणी पाडला ठाऊक नाही, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप किंवा पत्रा वेल्डिंगला घेतला की पांढरा धूर निघतो. तो धूर छातीत गेला की संध्याकाळी वेल्डरला हुडहुडी भरून ताप येतो. आणि पोटात दूध-गूळ असला की तो धूर बाधत नाही, असं सगळ्या रायसेन रोडवर मानलं जाई. कोणाचं दूध दाट, कोणाचं पाणचट, याची वेल्डर लोकांत रीतसर चर्चा होई. पाणचट दूधवाल्यांच्या गेटचा एक कोपरा हमखास वाकडा येतो, असा बायकांचा पक्का समज होता.

मी पुण्याहून नवऱ्याच्या बदलीमागे इथं आले तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मागच्या व्हरांड्याला जाळी लावायची ठरली आणि समोरच्या शर्माभाभींनी मला सावध केलं. मी पुण्याची लाज राखायची म्हणून सायीसकट दूध तापवलं, माहेरून आणलेला गूळ फोडला, आणि जगदीश वेल्डर आल्याबरोबर पेला त्याच्या हातात दिला. जगदीश म्हणजे आमच्या भागातला सगळ्यांचा हक्काचा वेल्डर. हसतमुख माणूस, छातीवर रुळणारी दाढी, आणि वेल्डिंगची काच तोंडापुढे धरली की दाढी खालून झाडूसारखी बाहेर यायची.

त्यानं पेला ओठाला लावला तेवढ्यात शेजारच्या भिंतीवरून एक डोकं वर आलं.

"काय देऊन राहिली गं त्याले?"

"दूध," मी म्हटलं.

"काहून? बाळंत झाला का तो?"

या लीलाताई. माझी आणि त्यांची ही पहिली भेट. त्या वळसा घालून फाटकातून आत आल्या, जगदीशच्या हातातला पेला काढून घेतला, उभ्या उभ्या सगळं दूध पिऊन टाकलं आणि पदरानं ओठ पुसले. "दूध झकास आहे," त्या मला म्हणाल्या. "धुराशी याचा काई संबंध नाई. दूध पोटात जाते, धूर छातीत जाते. दोन रस्ते अलग. मधात कुठीच चौक नाई."

"सिस्टर जी, बाप-दादा पीते आए हैं," जगदीश म्हणाला.

"और बाप-दादा खाँसते भी आए हैं," लीलाताई म्हणाल्या.

त्या कारखान्याच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. मूळच्या वर्ध्याकडच्या, पण अख्खी नोकरी भोपाळात झालेली. घरात वऱ्हाडी, बाहेर हिंदी आणि रागावल्या की दोन्हींची भेळ. सगळी वस्ती त्यांना सिस्टर म्हणायची, आम्ही चार मराठी घरं लीलाताई म्हणायचो. निवृत्त झाल्यावर माणसं तुळशीला पाणी घालतात, पोथी वाचतात. लीलाताईंनी ड्यूटी सोडलीच नव्हती. दवाखाना तेवढा बंद झाला होता, पेशंट सगळे तसेच होते.

त्या दिवशी त्यांनी मला कोरा चहा करायला लावला. तो पसरट ताटलीत ओतला आणि ताटली जगदीशच्या कामाच्या शेजारी ठेवून दिली. जाळीचे सांधे होईपर्यंत त्या माझ्याच खुर्चीत बसून माझ्या पडद्यांचा रंग कसा चुकला ते मला समजावत होत्या. काम झाल्यावर त्यांनी ताटली उचलून आणली. काळ्या चहावर पांढरा भुरका तरंगत होता, पिठाच्या गिरणीत ठेवला असता तर यावा तसा.

"पी," त्यांनी जगदीशपुढे ताटली धरली.

"सिस्टर जी, यह कैसे पिएँ?"

"छाती में तो रोज पीता है. दूध में यह दिखता नहीं, इसीलिए तुम लोगों को दूध पसंद है."

जगदीश हसला. तो प्रत्येक गोष्टीला हसायचा. लीलाताई गेल्यावर त्यानं स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन हळूच विचारलं, "भाभी जी, वो वाला दूध और है क्या?" मी दिलं. रिवाज असा एका ताटलीनं थोडाच मोडतो.

लीलाताईंचा मंत्र तीन शब्दांचा होता: खुरच, सरक, ढक. जिथं सांधा लावायचा तिथला जस्ताचा थर आधी घासून काढ, आतलं नुसतं लोखंड दिसेपर्यंत. मग असा सरक की वारा धूर तुझ्यापासून दूर नेईल, धुरावर वाकून बसू नकोस. आणि नाक-तोंड नीट ढक, घासतानासुद्धा. कुठंही वेल्डिंगचा निळा उजेड दिसला की त्या पायात चपला सरकवून निघत. कुणाचं घर आहे, ओळख आहे की नाही, हे पाहायची पद्धत नव्हती. एकदा एका घरी वास्तुशांत चालू होती आणि गच्चीवर टाकीच्या स्टँडचं काम. यजमान होमाला बसलेले. लीलाताई थेट गच्चीवर गेल्या, वेल्डरला बकोटीला धरून वाऱ्याच्या अलीकडे बसवला, खाली येऊन प्रसाद घेतला आणि घरी आल्या. "होमाचाही धूर कोंडून ठेवला होता त्यायनं," मला म्हणाल्या. "खिडक्या उघडून आली."

दुसरी खोड म्हणजे पाठीला कान लावणं. त्यांच्याकडे नळी होती, पण ती त्यांना आवडत नसे. नळीतून ऐकलं की माणूस फार लांब गेल्यासारखा वाटतो, म्हणत. समोरचा खोकला की त्याला उलटा फिरवायचा, पाठीला कान लावायचा आणि "खोल श्वास घे" म्हणायचं. दूधवाला, सिलिंडरवाला, माझा नवरा, कुणी सुटलं नाही. निवडणुकीच्या वेळी एक उमेदवार हात जोडून दारात आले आणि बोलता बोलता ढास लागली. लीलाताईंनी त्यांना हारासकट उलटं फिरवलं. कार्यकर्ते घोषणा द्यायच्या थांबले. कान काढून त्या म्हणाल्या, "वोट तो दे दूँगी, सिगरेट छोड़ दो." उमेदवार पडले. सिगारेट सुटली की नाही, ते कळलं नाही.

ही खोड कुठून लागली ते मी एकदाच विचारलं. तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. "त्या डिसेंबरात मी नवीन होती नोकरीले," एवढंच म्हणाल्या. भोपाळमध्ये याच्यापुढं सांगावं लागत नाही. वायू सुटला त्या वेळच्या गोष्टी इथली माणसं आपण होऊन काढत नाहीत, आणि लीलाताई तर मुळीच नाही. त्यांनी लगेच मेथीच्या जुडीत माती किती येते, यावर भाजीवाल्याचा उद्धार सुरू केला.

आता असं नाही की त्यांचं सगळं बरोबरच असायचं. त्या स्वतःवर इतक्या खूश असत की त्यांची चूक झाली की आम्हाला आतून बरं वाटे. एकदा त्यांनी दवाखान्यातल्या ओळखीनं पातळ निळ्या मास्कचा खोका आणला आणि रस्त्यावरच्या प्रत्येक वेल्डरच्या तोंडावर बांधला. सगळे एकदम ऑपरेशनला निघाल्यासारखे दिसायला लागले. सोमवारी दुपारभर जगदीशनं तो निळा मास्क लावून जस्ती पाइप जोडले, आणि संध्याकाळी भर उकाड्यात दोन रजया घेऊन कुडकुडत पडला. जिभेवर गोडसर चव, अंग मोडून आलेलं.

लीलाताई त्याच्या घरी गेल्या, मला बरोबर घेऊन. खाटेपाशी उभ्या राहिल्या आणि आवाज न पाडता, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मेरी गलती है, जगदीश. यह मास्क छींक के लिए है, धुएँ के लिए नहीं." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सगळ्या वेल्डरांकडून मास्क परत गोळा करत फिरल्या. वेल्डर द्यायला तयार नव्हते. त्यांना तो निळा रंग आवडला होता.

जगदीशचा मात्र या तापाबद्दल स्वतःचा सिद्धांत होता. ताप बहुतेक सोमवारीच येतो, हे त्याच्या बरोबर लक्षात आलं होतं. रविवारी तो चौकातली कचोरी खायचा. म्हणून दोष कचोरीचा. त्यानं बिचाऱ्यानं कचोरी सोडली, समोसा धरला, तरी ताप येतच राहिला. मग समोसाही सोडला. लीलाताईंना हे कळलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून बसल्या.

"अरे बाबा, आठवडाभर रोज धुआँ खाता है तो बदन को आदत पड़ जाती है. इतवार की छुट्टी में आदत टूटती है. सोमवार को फिर नया लगता है. कचोरी ने तेरा क्या बिगाड़ा?"

जगदीशनं पुढच्या रविवारी दोन कचोऱ्या खाल्ल्या. उपदेशातला तेवढाच भाग त्यानं मनावर घेतला.

इथवर सगळी गंमत होती. पण त्या दिवशी खाटेवर लीलाताईंनी त्याच्या पाठीला कान लावला होता आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून ठेवला होता. घरी परतताना त्या बोलल्या नाहीत. ती इतकी अशुभ गोष्ट होती की मीच विचारलं.

"त्याची छाती बोलून राहिली," त्या म्हणाल्या. "तापाचं काई नाई, ताप दुसऱ्या दिवशी उतरते. पण श्वास सोडला का आत शिट्टी वाजते. हे आजचं नाई."

त्यांनी त्याला ओढत मोठ्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी साफ सांगितलं: अजून वेळ आहे. धूर आता थांबला तर छाती सावरेल. नाही थांबला, तर चार पायऱ्या चढतानाही दम लागायला लागेल, आणि मग दुधानं, गुळानं, गोळीनं, कशानंच मागं येणार नाही. जगदीशनं मान डोलावली, बाहेर येऊन हसला आणि म्हणाला, "सिस्टर जी, काम तो यही आता है." त्याच्या घरी खाणारी तोंडं होती आणि मुलगी ममता पोलिसात भरती व्हायची तयारी करत होती. काम सोड म्हणणं सोपं नव्हतं आणि लीलाताईंनी ते कधी म्हटलंही नाही. काम करायचं, पण धूर प्यायचा नाही, एवढाच त्यांचा हट्ट होता. त्या दिवसापासून त्यांचं रस्त्यावरच्या सगळ्या वेल्डरांमागे फिरणं संपलं. आता एकटा जगदीश.

गणपती जवळ आले. आमच्या मराठी मंडळानं यंदा मंडपासाठी कायमचा जस्ती पाइपांचा सांगाडा करायचं ठरवलं आणि काम जगदीशला दिलं. मंडळाचे सेक्रेटरी बापट हे अत्यंत सज्जन गृहस्थ, फक्त त्यांना वेळेपुढे काही दिसत नसे. मधूनमधून सर येत होती, म्हणून त्यांनी सांगाड्याला चारी बाजूंनी ताडपत्री ओढून घेतली. आत जगदीश, त्याचं मशीन आणि कोंडलेला पांढरा धूर. बाहेरून ताडपत्री आतल्या आत निळी-पांढरी चमकत होती आणि बापट कौतुकानं सांगत होते की एक थेंब आत येत नाही.

"आणि एक थेंब बाहेर जात नाई," लीलाताई म्हणाल्या आणि ताडपत्री उचलून आत गेल्या.

आम्हाला वाटलं त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी आतली एक प्लास्टिकची खुर्ची ओढली, जगदीशच्या शेजारी मांडली, बसल्या आणि पिशवीतून लोकर काढून विणायला लागल्या.

जगदीश थांबला. "सिस्टर जी, बाहर बैठो, धुआँ है."

"तू बैठा है ना. मैं भी बैठती हूँ. चला मशीन."

"आपको खाँसी हो जाएगी."

"तेरे को नहीं होती क्या? चला."

त्यानं हातातली काच खाली ठेवली. सिस्टर बसल्या असताना मशीन चालवायची त्याची हिंमत होईना. बापट आत आले, घड्याळ दाखवलं, हात जोडले. लीलाताई टाके मोजत होत्या. बापट म्हणाले, "लीलाताई, बाप्पा उघड्यावर बसतील हो!" त्या म्हणाल्या, "बसू द्या. कैलासावर का ताडपत्री होती?"

शेवटी ताडपत्री दोन बाजूंनी सुटली. वर छत राहिलं, वारा आला. पण वारा पुरेसा नव्हता, आणि तेव्हा लीलाताईंना कूलर आठवले. भोपाळात घरोघरी लोखंडी कूलर असतो आणि पावसाळ्यात तो मागच्या अंगणात मांजरांना झोपायला दिलेला असतो. लीलाताईंनी गल्लीतून कूलर मागवले. खसाच्या गवती जाळ्या काढून टाकलेले, नुसते पंखे. धूर ओढून बाहेर टाकायचा, अशी कल्पना. माझ्या नवऱ्यानं इंजिनिअर या नात्यानं पुढाकार घेऊन दिशा ठरवली, आणि पहिला कूलर सुरू झाला तेव्हा सगळा धूर सरळ बापटांच्या अंगावर गेला, कारण ते नेमके त्याच बाजूला वर्गणीदारांना मंडप दाखवत उभे होते. वर्गणीदार पांगले. दुसऱ्या प्रयत्नाला धूर मोकळ्या मैदानाकडे वळला आणि कुणाच्या वाटेत राहिला नाही. जगदीशनं सगळे सांधे खुरचून घेतले, वाऱ्याकडे पाठ करून बसला. लीलाताईंनी विणलेली लोकर उसवली, कारण रागाच्या भरात बाही दोन माणसांची झाली होती.

खुरच झालं, सरक झालं. राहिलं ढक.

खरा मास्क माझ्या नवऱ्यानं शोधला: तोंडाला घट्ट बसणारा रबरी, दोन्ही गालांशी गुलाबी गोल फिल्टर असलेला. लीलाताईंनी तो जगदीशच्या तोंडावर चढवला, दोन्ही फिल्टर तळव्यांनी दाबून बंद केले आणि म्हणाल्या, "खींच साँस." बंद केल्यावर मास्क गालाला चिकटून आत ओढला जायला हवा. तो नाही ओढला गेला. कडेनं, दाढीतून, हवा सूं सूं करत आत येत होती. त्यांनी पट्टे आवळले. जगदीशचे डोळे बाहेर आले, हवा येतच राहिली.

"दाढी काढ," लीलाताई म्हणाल्या.

त्या माणसाचं हसू मी पहिल्यांदाच गेलेलं पाहिलं. "यह नहीं हो सकता, सिस्टर जी. मन्नत है."

चौकातल्या हनुमानाला त्यानं बोललं होतं: ममताला नोकरी लागेपर्यंत दाढीला वस्तरा लावणार नाही. मुलगी पहाटे उठून धावत होती, अभ्यास करत होती, आणि बाप आपल्या परीनं दाढी वाढवत होता. दाढी काढली आणि मुलगी नापास झाली तर? हा प्रश्न त्यानं विचारला तेव्हा मंडपात कुणाला हसू आलं नाही. लीलाताईंनाही नाही.

त्या दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मला घेऊन हनुमानाच्या देवळात गेल्या आणि पंडितजींना समोर बसवलं. नवस एकाचा दुसऱ्याला घेता येतो का? पंडितजी म्हणाले, येतो, पण घरातल्याच माणसाला. भाऊ, बहीण, बायको. आणि जे सोडायचं ते सोडताना दुखलं पाहिजे, नाहीतर देव मानत नाही.

लीलाताईंनी जगदीशला बोलावून घेतला. राखी पौर्णिमा होऊन गेली होती. त्यांनी देवळातला लाल धागा उचलला आणि काय चाललंय हे त्याला कळायच्या आत मनगटाला बांधून टाकला. "हो गया भाई," त्या पंडितजींना म्हणाल्या. पंडितजी म्हणाले, ऐसे कैसे. लीलाताई म्हणाल्या, ऐसे ही. पंडितजींचा दमा त्याच बघत असत, त्यामुळे शास्त्रार्थ फार लांबला नाही.

"आणि सोडणार काय?" मी विचारलं. मला वाटलं चहा. त्यांचा चहा सुटला तर आम्हालाच गाव सोडावं लागलं असतं.

"केस," त्या म्हणाल्या.

इथं सांगायला हवं की लीलाताईंचे केस काळेभोर होते. एक रविवार सोडून एक त्यांचं दार दुपारी आतून बंद असे, आणि त्या वेळात बेल वाजवायची नाही हे पोस्टमनलासुद्धा माहीत होतं. दार उघडलं की केस काळे, कानाच्या पाळीवर एखादा डाग. त्या डागाकडे सगळे पाहत आणि कुणी बोलत नसे. वयाचा विषय निघाला की त्या उठून गॅस बंद करायला जात. त्या बाईनं हनुमानापुढे हात जोडून सांगितलं की ममताला नोकरी लागेपर्यंत केसांना रंग लावणार नाही.

पंडितजींनी एकदा त्यांच्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मान्य है."

जगदीशची दाढी मंडपामागे उतरली. आत एक भलताच तरुण, गोरटेला माणूस निघाला. हनुवटीला खळी होती. त्याच्या बायकोनं त्याला पाहून पदर ओढून घेतला. लीलाताईंनी मास्क चढवला, फिल्टर दाबले. मास्क टपकन गालाला चिकटला. जगदीशनं डोळे मोठे केले, आणि लीलाताई एवढ्या जोरात हसल्या की बापट धावत आले.

त्यानंतर त्यांचे केस पांढरे होत गेले. आधी भांगात एक रेघ आली, मग ती रुंद होत गेली. वस्तीतल्या बायका बोलताना रेघेकडे न पाहता बोलायला शिकल्या. मलाच एक दिवस राहवलं नाही. म्हटलं, "ताई, वाईट वाटतं का हो?"

"वाटते," त्या म्हणाल्या. "आरशात माझी माय दिसते. मले तिच्याशी कधी पटलं नाई."

पहिल्या खेपेला ममता लेखी परीक्षेत नापास झाली. जगदीश तोंड पाडून आला. नवस बदलल्यामुळं झालं, असं त्याच्या मनात होतं, तोंडावर आणलं नाही. त्या दिवसापासून लीलाताईंनी देवावर विसंबणं सोडलं. पहाटे त्या ममताच्या दाराशी उभ्या राहत, तिला मैदानावर धावायला नेत, स्वतः कठड्यावर बसून मागून सूचना देत. दुपारी तिची उजळणी घेत. मला म्हणत, "पोट्टी हुशार आहे, पन लिहिताना घाबरते." जगदीश मास्क लावून काम करत होता, सांधे खुरचत होता, आणि लीलाताई अधूनमधून त्याला रस्त्यात उलटा फिरवत होत्या. शिट्टी कमी झाली का विचारलं तर म्हणत, "बोलते अजून. हळू बोलते." जस्ताचं काम निघालं की त्यांना त्याचा चेहरा मास्कमध्ये पाहिल्याशिवाय जेवण जात नसे. हे त्यांनी एकदा मला सांगितलं आणि लगेच मी वांगी फार शिजवते म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला ममता पास झाली. वर्दी घालून ती पहिल्यांदा सिस्टरच्या दारात आली, बापाच्या आधी. लीलाताईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं, डोक्यावरून हात फिरवला. आम्ही बायका भावुक झालो होतो. पांढरे केस त्यांना शोभतात, आता असेच राहू द्या, असं आम्ही आपापसात ठरवून सांगायलाही गेलो. दार आतून बंद होतं. तासाभरानं उघडलं. केस काळेभोर, कानाच्या पाळीवर डाग.

"आता कोनाचा नवस नाई ना?" त्या म्हणाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची वर्ध्याची भाची येऊन त्यांना घेऊन गेली. गुडघे धरले होते, एकटं राहणं जमत नव्हतं. त्यांनी भाचीला पुष्कळ दिवस टोलवलं, पण भाचीही त्याच मातीची. स्टेशनवर आम्ही सगळे गेलो होतो. नागपूरकडे जाणारी गाडी लागलेली. बापटांनी हार आणला होता, ममता वर्दीत होती, आणि जगदीश सामान चढवत होता. सामान म्हणजे काय, एक ट्रंक आणि लोणच्याच्या बरण्या. पुलाच्या जिन्यावरून तो दोनदा वर-खाली झाला.

ट्रंक ठेवून तो खाली आला तेव्हा लीलाताईंनी त्याला खांद्याला धरून उलटा फिरवला आणि त्याच्या पाठीला कान लावला.

"खोल श्वास घे," त्या मराठीत म्हणाल्या. त्यालाही तेवढं मराठी येत होतं.

त्यानं घेतला, सोडला. हमाल, चहावाले, आजूबाजूची माणसं पाहत होती. काळ्या केसांची म्हातारी आणि तिच्यापुढे पाठ करून उभा असलेला सफाचट माणूस. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. कुठंतरी सूचना सुरू झाली तशा त्यांनी हातानं गप्प बसायची खूण केली, जणू स्टेशनलाच.

"छाती क्या बोल रही है, सिस्टर जी?" जगदीशनं मान न वळवता विचारलं.

"कुछ नहीं," त्या म्हणाल्या. "कुछ नहीं बोल रही."

भाची दारातून हाका मारत होती. लीलाताईंनी कान काढला नाही. त्या तशाच, जगदीशच्या पाठीला गाल टेकून उभ्या राहिल्या आणि तो श्वास घेत राहिला, गाडी हलायची वेळ होईपर्यंत.